रंगाचा थर लहान होत नाही

पाटससारख्या गावात राहून प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्या जोडायचा छंद जमतो का, असं ओळखीचे लोक मला विचारतात. जमतो. जोडणी तर कुणालाही जमेल. त्रास आहे तो रंगाचा, धुळीचा आणि वासाचा. सूचनांच्या कागदावर हे नसतं. तो कागद जपानमध्ये छापलेला असतो आणि आपण रंग दौंडच्या दुकानातून आणतो. माझ्या बाबतीत काय काय झालं ते क्रमानं सांगतो. कुणाचा मॉडेलचा एखादा डबा तरी वाचेल.

मी कुरकुंभ एमआयडीसीत शिफ्टला जातो. घर पाटसमध्ये, सोलापूर हायवेपासून थोडं आत. रात्रपाळी करून आलो की सकाळी झोप होते आणि दुपार मोकळी राहते. मोबाईल बघत दुपार घालवायचा कंटाळा आला होता. त्याच सुमारास पुण्यात एका मित्राकडे काचेच्या कपाटात छोटी फोक्सवॅगन बीटल पाहिली. आत स्टिअरिंग, सीटा, स्पीडोमीटरचा काटासुद्धा होता. ती त्यानं स्वतः जोडली होती. मलाही करायचं, असं तिथंच ठरलं.

तोच डबा मागवला. जपानच्या तामिया कंपनीचा, १९६६ सालच्या फोक्सवॅगन १३०० बीटलचा, १/२४ मापाचा. म्हणजे खऱ्या गाडीचे २४ सेंटीमीटर तिथं १ सेंटीमीटर. खरी बीटल चार मीटरच्या आसपास, मॉडेल साधारण १७ सेंटीमीटर भरतं. किंमत ऐकून घरात कुणी काही बोललं नाही, पण मला स्वतःलाच ती जड वाटली. स्केल मॉडेल कस्टमच्या यादीत खेळण्यांच्याच खान्यात येतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर दुकानदाराचा नफा आणि पाठवणावळ. त्यामुळे एक बिघडला तर दुसरा घेऊ, हे आपल्याला परवडत नाही. हाती आहे तोच नीट करायचा.

पार्सलचंही सांगून ठेवतो. कुरिअरवाल्यांनी पत्ता सापडत नाही म्हणून ते परत पाठवायची तयारी केली होती. फोनवर फोन करून शेवटी दौंडला जाऊन आणावं लागलं. तेव्हापासून शक्य असेल तिथं पोस्टानं मागवतो, पोस्टमनला घर माहीत असतं. स्प्रेचे डबे आणि थिनर मात्र ज्वालाग्राही, ते विमानानं येत नाहीत. विकणारे एकतर पाठवतच नाहीत, नाहीतर रस्त्यानं पाठवतात. मॉडेल हातात आणि रंगाचा पत्ता नाही, अशी वेळ येते. माझा पुढचा बराचसा त्रास यातूनच निघाला.

डबा उघडल्यावर आत बॉडी, काचा, रबरी टायर आणि बाकीचे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. सगळ्यात आधी सगळे भाग भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात धुऊन घ्यायचे. साच्यातून सुटावेत म्हणून कारखान्यात तेलकट काहीतरी लावलेलं असतं, ते राहिलं तर रंग धरत नाही. मग कापणी. घरातल्या वायरच्या कटरनं कापलं की कापल्या जागी प्लॅस्टिक पांढरं पडायचं, कधी तुकडाच निघून यायचा. दौंडला मोबाईल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथं बारीक चोचीचा, एका बाजूनं सपाट असलेला कटर मिळाला. त्यानं काम सोपं झालं. पहिला काप भागापासून लांब, दुसरा जवळ, राहिलेला कण वॉटर पेपरवर घासायचा.

जोडणी मजेत झाली. चेसिस, एक्सल, सीटा. हिरव्या टोपणाचा पातळ सिमेंट येतो, तो ब्रशनं सांध्याला नुसता टेकवला की आपोआप आत ओढला जातो. तो गोंदासारखा वर बसत नाही, प्लॅस्टिकच विरघळवून दोन भाग एक करतो. रात्री उशिरापर्यंत बसायचो आणि वेळेचं भान राहायचं नाही. बऱ्याच दिवसांनी मन शांत होतं.

मग बॉडीच्या रंगाची वेळ आली. मागवलेला प्रायमर आला नव्हता. गाड्यांचे रंग विकणाऱ्या एका दुकानात विचारलं. दुकानदारानं स्प्रेचा डबा दिला, वर ‘प्लॅस्टिकसाठी’ असं छापलेलं होतं. दुचाकीच्या पॅनेलला हाच मारतात म्हणाला. मी गच्चीवर नेऊन मारला. दहा मिनिटांत टपावर बारीक जाळं उमटलं. बोट लावलं तर पृष्ठभाग मऊ झालेला. मी खाली येऊन गप्प बसलो. बायकोनं काय झालं विचारलं, तर सांगता येईना.

कारण नंतर समजलं. मॉडेलचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. दुचाकीचे पॅनेल बहुधा एबीएस नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचे. दोन्हीला आपण प्लॅस्टिकच म्हणतो, पण गाड्यांच्या रंगातलं तेज थिनर पॉलिस्टायरीनला खातं. ज्याला आपल्याकडे एनसी थिनर म्हणतात ते तर फारच. म्हणून नवा कुठलाही रंग, प्रायमर, थिनर आधी स्प्रूच्या उरलेल्या चौकटीवर मारून बघायचा आणि रात्रभर ठेवायचा. चौकट त्याच प्लॅस्टिकची असते, तिच्यासारखी चाचणी दुसरी नाही. ती फेकू नका.

बॉडी वाचवण्यासाठी बऱ्याच गोष्टी विचारून पाहिल्या. कामी आलं ते ब्रेक ऑईल, साधं डॉट ३. बॉडी त्यात बुडवून ठेवली आणि जुन्या टूथब्रशनं घासली. प्रायमर सुटला, प्लॅस्टिकला काही झालं नाही. हातमोजे मात्र घालायचे, आणि ते ऑईल मोरीत न ओतता गॅरेजवाल्याला द्यायचं. जाळं प्लॅस्टिकमध्येच उतरलं होतं, ते ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून काढावं लागलं. बरेच दिवस गेले, पण टप परत सपाट झाला.

त्यानंतर मला हायवेच्या कडेला गॅरेज असलेल्या एका पेंटर मामांकडे जायची बुद्धी झाली. ट्रक, पिकअप, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. ते हसतील अशी भीती होती. हसले नाहीत. बॉडी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि दरवाजाच्या फटीवरून नख फिरवलं.

“भाऊ, ही फट किती खोल हाय?”

“असेल अर्धा मिलिमीटर.”

“अन् तुम्ही रंग किती चढवणार?”

मला उत्तर देता आलं नाही. मामांनीच हिशोब सांगितला. खऱ्या कारवर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा थर असतो. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. घरी येऊन मी कागदावर मांडलं. गाडी २४ पटींनी लहान झाली, पण रंगाचा थर लहान होत नाही. तेवढाच थर मॉडेलवर दिला तर तो खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड रंग दिल्याबरोबर होतो. फटी बुजतात, कोपरे गोल होतात, कडांवरची नक्षी मरते. मॉडेल खेळण्यातलं दिसतं ते यामुळेच. पुढचं माझं सगळं काम या एका हिशोबानं बदललं.

मामांनी मग त्यांची पद्धत दाखवली. सकाळी लवकर, वारं सुटायच्या आत. शेडमधल्या जमिनीवर आधी पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. “पहिला हात नुसता फुंकर मारल्यावानी. रंग दिसलाच नाही पाहिजे. दिसला म्हणजे जास्त झाला.” हात चालू करायचा तो गाडीच्या बाहेर, बंद करायचा तोही बाहेर, म्हणजे थेंब पडत नाही. मध्ये थांबायचं. दुसरा हात थोडा ओला. तिसऱ्याला रंग भरतो. घाई केली की ओघळ आलाच.

घरी मी याला दोन गोष्टी जोडल्या. रंगाच्या आधी दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या फटी ब्लेडच्या पाठीनं हलक्या हातानं थोड्या खोल करून घेतो. रंग चढल्यावर त्या बरोबर मापात राहतात. आणि लहान कंप्रेसर व एअरब्रश घेतला. डब्याच्या स्प्रेपेक्षा त्यातून रंग कितीतरी बारीक येतो. दाब १५ ते २० पीएसआय पुरतो. रंग दुधाएवढा पातळ करायचा. वीज जाते येते, म्हणून मी रंग वाटीत ओतायच्या आधी महावितरणचा मेसेज बघतो. अर्ध्या हातावर लाईट गेली तर ओली कड वाळते आणि पट्टा दिसतो.

धुळीचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागला. दौंड तालुक्यात पाऊस कमी. कोरडी हवा रंगाला चांगली, पण धूळ तशीच. ऊस तोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, चैत्र-वैशाखात दुपारी फुफाटा. रंग मारला की वर कण बसलेला दिसायचा. आता मी असं करतो: खोलीत पाणी शिंपडतो, पंखा बंद, अंगात लोकरीचं काही नाही, आणि रंग मारल्याबरोबर मॉडेलवर किराण्याचा मोठा पारदर्शक डबा पालथा घालतो. खाली दोन काड्या ठेवतो, हवा खेळती राहायला. तरी एखादा कण बसलाच तर ओल्या रंगाला हात लावायचा नाही. पूर्ण वाळू द्यायचा, मग २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून तेवढ्याच जागी घासायचा आणि रबिंग कंपाउंडनं चमक आणायची.

पावसाळ्यातला प्रकार निराळा. तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसवरून रोटी घाटाकडे गेली, त्याच आठवड्यात मी बीटलच्या चाकांना आणि बंपरला काळा लॅकर मारला. हवा ओली होती. डोळ्यांदेखत काळ्यावर पांढुरकी साय आली. मला वाटलं रंगच खराब निघाला. मामांनी समजावलं: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. त्यावर उपाय सोपा. कोरड्या दुपारी नुसत्या थिनरचा हलका फवारा मारला, साय गेली. आता पावसाळ्यात मी सावकाश उडणारं थिनर वापरतो, त्याला रिटार्डर म्हणतात. झड लागली असेल तर फक्त जोडणीचं काम काढतो.

आता वासाचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. सुरुवातीला मी मागच्या खोलीत खिडकी उघडून रंग मारायचो, तोंडाला रुमाल बांधून. एकदा मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करताना खोकायला लागली. “पप्पा, डोळे चुरचुरतात,” म्हणाली. मला फार वाईट वाटलं. मी रोज ज्या प्लँटमध्ये काम करतो तिथं सॉल्व्हंटजवळ मास्कशिवाय कुणाला उभं राहू देत नाहीत. रुमाल किंवा साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो, तो औद्योगिक सुरक्षेच्या दुकानात मिळतो. कार्ट्रिज उघडं ठेवलं तर वाया जातं, म्हणून वापर झाला की पिशवीत बंद करून ठेवायचं. रंगकाम मी गच्चीवरच्या शेडमध्ये हलवलं. तिथं साधा एक्झॉस्ट फॅन लावायचा विचार होता, पण वाफ फॅनच्या मोटरवरून जाते आणि ठिणगीचा धोका असतो. त्यामुळे दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या.

आणखी एक. गाड्यांवर मारतात तो टू-के क्लिअर फार चमकतो, मोह होतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो. तो घरी मारू नका. मॉडेलला साधा क्लिअर पुरतो, थरही पातळ राहतो.

काचांनी पुन्हा एकदा नाकीनऊ आणले. पटकन चिकटणाऱ्या गोंदानं आतला आरसा लावला आणि बॉडी चेसिसवर बसवून ठेवली. सकाळी सगळ्या काचा आतून धुरकट. त्या गोंदाची वाफ बंद जागेत काचेवर बसते. बारीक पेपर आणि कंपाउंडनं घासून काचा निवळल्या, पण आतल्या कोपऱ्यात हात पोहोचत नव्हता, काडीला कापूस गुंडाळून करावं लागलं. तेव्हापासून काचेला सुतारकामाचा पांढरा फेविकॉल. वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि जास्तीचा ओल्या काडीनं पुसता येतो.

बीटलच्या अंगावर क्रोमच्या बारीक पट्ट्या असतात. त्या रंगानं केल्या तर राखाडी दिसतात. त्यासाठी परदेशात खास फॉईल मिळते. मी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल घेतली, ती साधारण ११ मायक्रॉनची असते. मागून पातळ गोंद लावला आणि तो चिकटसर होईपर्यंत थांबलो. मग फॉईल पट्टीवर पसरवून टूथपिकनं हळूहळू दाबली. पट्टीच्या दोन्ही कडा फॉईलमधून वर दिसू लागल्या की नव्या ब्लेडनं त्या कडेवरून एकदाच ओढायचं. ब्लेड जुनं असेल तर फॉईल फाटते. जास्तीची फॉईल सोलून काढली आणि खाली सलग चकचकीत रेघ राहिली. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती दाखवली.

चिकटचित्रांना डेकल म्हणतात. माझ्या डब्यातली थोडी पिवळी पडली होती. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून लावून ठेवली, उन्हानं पिवळेपणा बराच गेला. जुनी डेकल पाण्यात घातल्यावर तुकडे तुकडे होतात, म्हणून आधी त्यावर क्लिअरचा एक हात देऊन वाळवून घ्यायचा. नंबर प्लेट मात्र मी आपली केली. खऱ्या कारची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर असते, १/२४ ला ती साधारण २१ बाय ५ होते. त्या मापात एमएच ४२ चा नंबर फोटो पेपरवर छापून आणला. आपल्या तालुक्याच्या गाड्यांचं पासिंग बारामतीचं, म्हणून तोच.

सध्या हातात जिप्सी आहे. मारुती जिप्सी १९८५ ला आली, पण तिचं मॉडेल मला कुठं मिळालं नाही. जपानच्या हासेगावाचा सुझुकी जिम्नी जेए ११ चा १/२४ डबा घेतला, कारण घराणं तेच. जिम्नीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २०३० मिलिमीटर, आपल्या जिप्सीचं २३७५. फरक ३४५ मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये १४.४ मिलिमीटर. तेवढी बॉडी मधून कापून वाढवायची. दौंडच्या एका गॅरेजमध्ये जुनी जिप्सी उभी होती, मालकाला विचारून टेप लावला आणि मागच्या पॅनेलची मापं वहीत घेतली. पॉलिस्टायरीनची पातळ शीट पुण्यात आर्किटेक्चरच्या मुलांचं सामान मिळतं तिथं मिळाली. सांध्यात भरायला लांबी वापरत नाही. स्प्रूचे बारीक तुकडे त्या पातळ सिमेंटमध्ये विरघळवून त्याची खळ करतो. ती वाळली की मूळ प्लॅस्टिकच होते, घासताना वर-खाली होत नाही आणि रंगाखाली दिसत नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्याला माझं सांगणं इतकंच. पहिला डबा आओशिमाचा १/३२ चा दाबून बसवायचा घ्या. त्याला गोंद लागत नाही, बॉडी रंगीत प्लॅस्टिकचीच असते. हात बसला की मग १/२४ कडे वळा. आधी मास्क घ्या, मग एअरब्रश. प्रायमर हातात आल्याशिवाय बॉडीला हात लावू नका, त्या दिवसांत सीटा आणि डॅशबोर्ड करत बसा. आणि गावातल्या पेंटरला विचारायला लाजू नका. मापं पुस्तकात मिळतात, पण हात कसा फिरवायचा ते त्यांच्याकडेच शिकायला मिळतं. पाटस, वरवंड, कुरकुंभकडचं कुणी करणार असेल तर माझ्या शेडमध्ये या. कंप्रेसर आहे, जादा कार्ट्रिजही आहेत. तुमचा रंग आधी माझ्या स्प्रूवर मारून बघू.